माझगावच्या चिनी वस्तीवर ऐरोलीत भिंतचित्र करायचं आहे. भिंत, लाल रंग, अक्षरं आणि १९६२ याबद्दल सल्ला हवा

खाडीकाठ

नमस्कार. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत गोदीतून निवृत्त होऊन आलेली, मूळची डॉकयार्ड रोड आणि भायखळ्याकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्या बोलण्यात चिनी शेजारी वारंवार येतात. दातांचा दवाखाना, बूट-चपलांचं दुकान, नवाब टँक रोडवरचं मंदिर. ही माणसं पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे या हिवाळ्यात हे काम करायचंच असं ठरलं आहे.

भिंत ४० फूट लांब, ६ फूट उंच, पश्चिमेकडे तोंड. पलीकडे बागेची माती भिंतीला टेकलेली आहे. जुना चुना आहे, खालच्या दीड फुटाचे पोपडे निघतात. खाडी जवळ. हात लावायला २५ माणसं, त्यात आठ-दहा मुलं. जमलेले पैसे ४५ हजार. जानेवारीत काम, चिनी नववर्षाच्या सुमारास उद्घाटन.

कच्चा आराखडा असा: डावीकडे ड्रॅगन, मग पॅगोडा, चामड्याचे कारखाने, मध्यभागी माझगावचं मंदिर, उजवीकडे चायनीज भेळेची गाडी. वर चिनी अक्षरांत ‘स्वागत’.

विचारायचं ते असं. लाल रंग भरपूर लागणार, तो उन्हात टिकेल का? अक्षरं कुठून घ्यायची? १९६२ चा उल्लेख करावा का? दोन सभासदांचा ‘चिनी’ या शब्दालाच विरोध आहे. आणि मुलांकडून कागदी कंदील करून घ्यायचे असतील तर कसे?

रंगारी_कळवा

आधी भिंत, चित्र नंतर. पोपडे आणि पलीकडे माती म्हटल्यावर रंगाच्या दुकानात जाण्याआधी ही चाचणी करा. एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीपासून फूटभर वर, दुसरा चार फुटांवर, चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं दव, त्याची चिंता नको.

ओल आतून असेल तर समोरून लावलेलं कुठलंही वॉटरप्रूफिंग टिकत नाही, कारण पाणी मागून ढकलतं. रंग फुग्यासारखा सुटतो. पलीकडची माती फूटभर मागे ओढून मध्ये खडी भरणं आणि भिंतीच्या पायाशी पाणी निघायला भोकं ठेवणं हाच खरा इलाज. तो केला तरी भिंत वाळायला एक पूर्ण उन्हाळा लागतो. म्हणजे तुमची जानेवारी गेली.

कोरडी निघाली तर पुढचं. तारेचा ब्रश आणि पत्रीने चुना पूर्ण खरवडा. चुन्याच्या भुकटीवर ॲक्रिलिक धरत नाही, पहिल्या पावसात अख्खा पापुद्रा उतरतो. पांढरा लोणा असेल तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. आधी पाणी मारलंत तर क्षार विरघळून परत प्लास्टरमध्ये शिरतात आणि महिन्याने वर येतात. व्हाइट सिमेंट पुट्टी फक्त भेगांत भरा. अख्ख्या भिंतीवर गुळगुळीत पुट्टी ओढायचा मोह होतो, पण बाहेरच्या भिंतीवर सगळ्यात आधी सुटतो तो हाच थर.

२४० चौरस फुटांना एक्स्टिरिअर प्रायमर सुमारे ४ लिटर, पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन दोन हातांना ५ लिटर. खरबरीत भिंत जास्त पिते, तेव्हा अर्धा लिटर जादा धरा. दोन हातांमध्ये किमान चार तास. जमिनीलगतचा फूटभर पट्टा चित्राशिवाय ठेवा. तिथे पावसाचे शिंतोडे आणि माती बसणारच.

आता लाल. पांढऱ्या रंगात ट्यूबचा लाल स्टेनर ढवळून केलेला लाल पश्चिमेच्या उन्हात एक-दोन वर्षांत गुलाबी पडतो. भडक लाल रंगद्रव्यं बहुतेक सेंद्रिय असतात, अतिनील किरणांत ती तुटतात, आणि पांढऱ्यात मिसळली की आणखी लवकर. लोह-ऑक्साइडचा लाल, म्हणजे आपला गेरूचा लाल, वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून मोठे भाग रेड ऑक्साइडचे करा. भडक लाल हवा तिथे दुकानातून मशीनवर गडद बेसमध्ये करून घ्या, एक लिटर पुरे, आणि तो दरवाजा, पताका अशा छोट्या जागीच वापरा. पुढे तेवढाच पुन्हा रंगवता येईल. स्टेनर हाताने घालायचाच तर रंगाच्या तीन-चार टक्क्यांवर नको. जास्त झाला की रंग सुकत नाही, हाताला लागत राहतो.

शेवटी चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोट मारायला कोणीतरी सांगेलच. ऐकू नका. भिंतीला श्वास घेता आला नाही तर त्याच्याखाली पाणी साचतं. मॅट ॲक्रिलिकचा एक पातळ हात बस.

पानउलट

तुमच्या आराखड्यातल्या पाच गोष्टींपैकी माझगावची फक्त एकच आहे, मंदिर. बाकीच्या इतर ठिकाणच्या. हे टीका म्हणून नाही लिहीत, आत्ता कागदावर आहे तोवरच बदलता येईल म्हणून लिहितो आहे.

चामड्याचे कारखाने कोलकात्याच्या टांगरातले, हाक्का या वेगळ्या चिनी समाजाचे. माझगावची वस्ती मुख्यतः जहाजांवर आणि गोदीत काम करणाऱ्यांची. मंदिराचं नावच सांगतं: ‘सी यूप कून’. सी यूप म्हणजे चार तालुके: तोइसान, होइपिंग, यानपिंग, सनवुई. दक्षिण चीनच्या ग्वांगतुंग प्रांतातला हा भाग. तिथून माणसं अमेरिकेत, मलायात, ऑस्ट्रेलियात गेली, तशी मुंबईच्या गोदीतही आली. मंदिर १९१९ चं. मुख्य देवता ग्वान कुंग, लाल चेहरा, लांब काळी दाढी, शौर्य आणि वचनाला जागण्याचा देव. इमारत पॅगोडा नाही. वर वळलेले छपराचे कोपरे नाहीत, वस्तीतल्या इतर जुन्या इमारतींसारखीच ती आहे, आणि चित्रात ती तशीच दिसायला हवी. पॅगोडा काढलात तर तिथे राहिलेली तुमची आजी-आजोबा मंडळीच म्हणतील, हे आमचं नव्हे.

ऐरोलीहून वाशी, तिथून हार्बरने डॉकयार्ड रोड, पुढे चालत. आठ-दहा जणांपेक्षा जास्त नको. ते प्रार्थनास्थळ आहे आणि जागा लहान आहे. आत फोटो काढण्याआधी विचारा. स्केच काढायला बहुधा हरकत नसते, आणि भिंतचित्रासाठी स्केचच जास्त उपयोगी. दरवाज्याची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, कठड्याची नक्षी मोजून आणा.

दातांचे डॉक्टर नक्की घ्या. भारतभर चिनी दंतवैद्यांची मोठी परंपरा आहे, त्यातले अनेक मूळचे हुपेई प्रांतातले, म्हणजे खलाशांपेक्षा वेगळ्या भागातले, वेगळी बोली बोलणारे. ‘चिनी’ हा एकच ठोकळा नव्हता, हे चित्रात एका रेषेत दाखवता येतं: नकाशावर दोन वेगळे ठिपके, दोन वेगळ्या वाटा. कामाठीपुऱ्याजवळच्या सुखलाजी स्ट्रीटलाही चिनी वस्ती होती. तिच्याबद्दल लिहिताना सगळे अफूवर येऊन थांबतात, तुम्ही थांबू नका. अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. तिथल्या दगडांवरची नावं चित्रात उतरवू नका, ती कुणाच्या तरी घरची माणसं आहेत.

भेळेची गाडी ठेवायची तर ठेवा, पण ती शेवटच्या टोकाला ‘आणि हे सगळं त्यांनी आपल्याला दिलं’ अशा थाटात नको. चायनीज भेळ मुंबईची. मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं, १९७५, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. म्हणजे तीही भारतातच जन्मलेली गोष्ट.

अक्षरं. त्या काळच्या पाट्या जुन्या, पूर्ण रूपातल्या अक्षरांत होत्या. सोपी केलेली अक्षरं चीनमध्ये १९५६ पासून आली. भाषांतराच्या ॲपवरून घेतलीत तर नवी अक्षरं येतील आणि १९१९ च्या दरवाज्यावर ती चुकीची ठरतील. ओळ उभी, वाचन उजवीकडून डावीकडे. आडवी पाटीही तेव्हा उजवीकडून वाचायची. स्टेन्सिल उलटा लागला की अक्षर आरशातलं होतं आणि रंगवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून वाचता येणाऱ्या माणसाकडून तीनदा तपासा: कागदावर, खडूने उतरवल्यावर, आणि वरचा कोट देण्याआधी. एक टिंब सुटलं तरी शब्द बदलतो. असा माणूस मिळाला नाही तर अक्षरं घालूच नका, मराठीत लिहा. आणि मराठी लिहिताना चायनीजच्या गाड्यांवर असतं ते टोकदार, ब्रशच्या फटकाऱ्यांचं देवनागरी अजिबात नको.

‘स्वागत’ची गरज नाही. तिथे मंदिराचं नाव असू दे.

खाडीकाठ

दोघांचे आभार. प्लास्टिक लावलं होतं. खालच्या तुकड्यावर आतून पाण्याचे ओघळ, वरच्यावर आतून बारीक थेंब. माती ओढायला परवानगी मिळेल, पण यंदा जमणार नाही. ड्रॅगन, पॅगोडा, चामडं तिन्ही काढून टाकलं. आता भिंत सोडून दुसरा पर्याय आहे का?

ठोकळा

आहे, आणि मुलं आहेत म्हणून तो अधिक बरा: फायबर सिमेंटचे फलक. हॉलमध्ये टेबलावर रंगवायचे, वाळले की भिंतीवर लटकवायचे. उद्या भिंत दुरुस्त करायची झाली तर काढता येतात, शाळेत किंवा माझगावला नेता येतात.

८ मिमी जाडीचे ८ बाय ४ फुटांचे १० बोर्ड. दुकानातूनच कापून घ्या, ५ बाय ४ चा एकेक फलक, उभा. ४ फूट रुंदीचे १० म्हणजे तुमचे ४० फूट बरोबर भरतात, तेव्हा रुंदी ३ मिमी कमी कापा, म्हणजे दोन फलकांमध्ये फट राहील. फट नसेल तर उन्हात बोर्ड एकमेकांना रेटून कडा फुटतात. उंची ५ फूट, त्यामुळे खालचा फूटभर मोकळा राहतो. उरलेले ३ बाय ४ चे दहा तुकडे फेकू नका, त्यावर मजकूर आणि रंगांचे नमुने होतील. सोसायटीत कापू नका. त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसाला वाईट.

फलक साधारण २० किलोचा होतो. उचलायला दोन माणसं, बोर्ड उभा धरून. आडवा उचलला की मध्येच मोडतो.

प्रायमर अल्कलीला टिकणारा हवा आणि दोन्ही बाजूंना, कापलेल्या कडांनाही. फक्त दर्शनी बाजू रंगवली तर मागची बाजू ओल पिते आणि फलक द्रोणासारखा वाकतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण मागे रंग लावणं वाया गेल्यासारखं वाटतं.

भिंतीवर ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या चॅनल, एक वर, एक खाली, दर ३ फुटांवर अँकर. फलक आणि भिंत यांत इंचभर पोकळी हवी, म्हणजे भिंतीची ओल हवेने जाते. प्रत्येक फलकाला ८ स्क्रू, स्टेनलेस ३०४ चे. खाडीच्या हवेत साधे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि चित्रावर तपकिरी अश्रूंसारखे ओघळ येतात. भोक कडेपासून ३ सेंमी आत, कोपऱ्यापासून ५ सेंमी, आणि स्क्रूपेक्षा दीड मिमी मोठं. स्क्रू घट्ट आवळू नका, टेकला की थांबा.

चित्र उतरवायला एक इंच म्हणजे एक फूट असा आराखडा, त्यावर इंचाच्या चौकटी. फलकावर फूटभराच्या चौकटी सूतदोरी आणि खडूच्या पुडीने मारा, पेन्सिलने नको, ती फिकट रंगातून वर दिसते. एकाच प्रसंगाच्या रेषा दोन फलकांवर जात असतील तर दोन्ही फलक शेजारी ठेवूनच आखा. मुलांसाठी भागांना अंक द्या आणि तोच अंक रंगाच्या डब्यावर. बाह्यरेषा सगळ्यात शेवटी, दोन-तीन स्थिर हातांनीच. दहा फलक, एका फलकावर एका वेळी तिघं, म्हणजे २५ माणसांना दोन शनिवार-रविवार पुरतात.

दहापैकी नऊच रंगवा. दहावा प्रायमर मारून कोरडा ठेवा. चित्र लागल्यावर कुणीतरी येऊन सांगतोच की दुकान डाव्या हाताला होतं.

ध्वनिफीत

१९६२ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दाखवावं. ते वगळून ही वस्ती का आटली हे समजतच नाही. पण विशेषणं न लावता, तारीख, ठिकाण, आकडा एवढंच. २० ऑक्टोबर १९६२ ला युद्ध सुरू झालं, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यात भारतातच जन्मलेले खूप, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. बहुतेक आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडचे. शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. १९६२ मध्येच झालेल्या कायद्याने शत्रुदेशाच्या नागरिकाच्या मुला-नातवंडांनाही परकीय ठरवता येऊ लागलं. पुढच्या काळात अनेकजण कॅनडा, अमेरिका, हाँगकाँगला निघून गेले. माझगावची माणसं देवळीत नेली असं लिहू नका, तुमच्याकडे तसा पुरावा नसेल तर. तुमच्या ज्येष्ठांनी गल्लीत काय पाहिलं तेच लिहा: दवाखाना किती दिवस बंद होता, पाटीवरचं नाव बदललं का, मुलं शाळेत येत राहिली का.

विरोध करणाऱ्या दोघांना हा मजकूर कमिटीच्या बैठकीआधी घरी जाऊन दाखवा, छापील, एका पानावर. वाद बहुतेक वेळा ‘चिनी’ या शब्दावर असतो. ‘माझगावचे आपले शेजारी’ हे शीर्षक ठेवलंत तर प्रश्न देशाचा न राहता गल्लीचा होतो, आणि ते खरंही आहे. ठराव लेखी करून घ्या. फलक रस्त्याच्या बाजूने दिसणार असतील तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातही आधीच विचारा.

ज्येष्ठांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करा, चित्राचे विषय त्यातूनच निघतील. फोन विमान मोडवर, तोंडापासून हातभर नाही, वीतभर अंतरावर, खाली दुमडलेला टॉवेल. पंखा बंद. एका बैठकीला ४० मिनिटं पुरे, त्यापुढे माणूस थकतो आणि उत्तरं आखूड होतात. ‘तुम्हाला कसं वाटायचं’ असं विचारू नका. दात कोरायचं यंत्र पायाने चालायचं का, खुर्चीचा रंग कोणता, तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायचे, दिवाळीला फराळ जायचा तर त्यांच्याकडून काय यायचं, असं विचारा. वस्तूवरून आठवण नेमकी होते. घरात चिनीमातीची बरणी असेल तर ती टेबलावर ठेवा.

संमतीचा कागद एकच, पण त्यात तीन वेगळ्या चौकटी: आवाज वापरायला, चेहरा चितारायला, नाव लिहायला. काहीजण पहिल्याला हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. शेवटचा कोट मारायच्या तारखेपर्यंत मागे घेता येईल, हे कागदावरच लिहा. ज्या चिनी कुटुंबांबद्दल बोललं जातं ती या बैठकीत नसतात, म्हणून त्यांची नावं, पत्ते, घरगुती गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय भिंतीवर येता कामा नयेत. आणि खाली एका ओळीत लिहा की हे शेजाऱ्यांच्या आठवणीतलं चित्र आहे. त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका.

ऐकवायला क्यूआर कोड लावाल, तर व्हिनाइलवर नको, वर्षात पांढरा पडतो. सहा इंचाच्या सिरॅमिक टाइलवर भाजून घ्या.

कामटी

कंदिलाचं मी सांगतो. १४ इंची गोल कंदिलाला बांबूच्या ८ कामट्या, प्रत्येकी २४ इंच, आणि वर-खाली ४ इंच व्यासाची दोन कडी, त्यांना १४ इंचाची कामटी पुरते, दीड इंच एकावर एक येऊन. कामट्या ओल्या बांबूच्या असतील तर तशाच वाकतात. सुक्या असतील तर दोन-तीन तास पाण्यात. कडेला ब्लेडसारखी धार असते, मुलांच्या हातात देण्याआधी पॉलिश पेपर फिरवा.

कागदाच्या ८ पाकळ्या, मधे ६ इंच रुंद, २२ इंच लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. पतंगाचा कागद दिसायला सुंदर, पण ऐरोलीच्या वाऱ्यात एक रात्रही नाही टिकत. हॉलमध्ये तो, बाहेर थोडा जाड कंदिलाचा कागद. खळ मैद्याची, एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. किड्यांसाठी जुने लोक मोरचूद घालायचे, ते विषारी आहे, मुलं असताना तुरटीची चिमूट घाला. आत मेणबत्ती नाही, एलईडीच.

पांढरे कंदील करू नका. चिनी रिवाजात ते मृत्यूच्या घरचे. लाल, शेंदरी, पिवळे करा.

तारखेचं एक. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांत दरवर्षी हलतं, सभागृह ठरवण्याआधी पंचांगासारखं त्यांचं कॅलेंडर पाहा. कंदिलांचाच कार्यक्रम करायचा तर त्यांचा शरदातल्या पौर्णिमेचा सण जास्त जवळचा. तो बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो. २०२५ ला मात्र त्यांचा अधिक महिना आधी पडला आणि दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आले. त्यांच्याकडे मूनकेक, आपल्याकडे मसाला दूध, आणि दोन्हीकडे चांदणं.

खाडीकाठ

फलकांवर सगळ्यांचं एकमत झालं. विषय असे निघाले: गोदीतली शिडी, दोन वाटांचा नकाशा, मंदिराचा जिना, दातांची खुर्ची, चपलांची खण, शरदाची पौर्णिमा, १९६२, अँटॉप हिलचं फक्त फाटक, आणि आमच्या एका आजोबांनी सांगितलेला गोदीच्या भोंग्याचा प्रसंग. दहावा कोरा. विरोध करणाऱ्यांपैकी एकजण आता नकाशाच्या फलकावर आहेत.

एक अडचण. ज्या कुटुंबाने नाव लिहायला परवानगी दिली, त्यांचं आडनाव आमच्या तीन ज्येष्ठांनी तीन प्रकारे सांगितलं: चॅन, चेन आणि चिन. फलकावर काय लिहू? लाल अक्षरांत लिहायचा विचार आहे.

पानउलट

तिन्ही बरोबर असू शकतात. एकच अक्षर कँटोनीजमध्ये चॅन, मँडरिनमध्ये चेन, तोइसानच्या बोलीत चिन असं ऐकू येतं. वाँग आणि हुआंगचंही तसंच. त्यांनी स्वतः घरी ज्या उच्चाराने सांगितलं तोच मराठीत लिहा, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून. कागदपत्रांवरचं इंग्रजी स्पेलिंग पाहून ठरवू नका, ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असायचं. आडनाव आधी येतं, मग नाव. क्रम उलटा करू नका.

आणि लाल नको. जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहिणं त्यांच्याकडे अशुभ मानतात. काळ्यात लिहा, रेड ऑक्साइडचा पट्टा खाली ओढा.